नववीच्या वर्गात 'समता' या विषयावर खुली चर्चा घ्यायची आहे. मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

खडूफळा | ३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिकवते. यंदा संविधान दिनाला, म्हणजे २६ नोव्हेंबरला, वक्तृत्व स्पर्धेऐवजी नववीच्या वर्गात खुली चर्चा घ्यायची असं ठरलंय. विषय 'समता'. सलग दोन तासिका मिळाल्या आहेत.

वक्तृत्वाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. 'सन्माननीय व्यासपीठ'पासून सुरुवात, भाषण घरच्यांनी किंवा यूट्यूबने लिहिलेलं, हातवारे आदल्या दिवशी बसवलेले, टाळ्या, प्रमाणपत्र. मुलांनी निदान एक वाक्य स्वतःचं बोलावं एवढीच माझी इच्छा आहे. पण नुसतं 'बोला रे' म्हटलं की दोनांपैकी एक होतं. एक तर 'हो बाई, सगळे समान आहेत' म्हणून वर्ग गप्प. नाहीतर मागच्या बाकावरून कुणीतरी 'मग आरक्षण कशाला?' म्हणतो, पुढची वीस मिनिटं तीन-चार मुलगेच भांडतात आणि उरलेला वर्ग मॅच बघितल्यासारखा बघत बसतो. मुली तोंडच उघडत नाहीत.

वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत. गावातली, मळ्यातली, वाड्यावस्त्यांवरची, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतली दोघं-तिघं. सातवीत मूलभूत हक्क 'झालेत', म्हणजे पाठ झालेत. तीन आठवडे हाताशी आहेत. काय वाचून घ्यावं, वर्ग कसा बसवावा, पहिला प्रश्न कोणता टाकावा?

---

गोट्या_सोमण | ३ नोव्हेंबर, रात्री ९.५२

पोरांना चर्चा म्हणजे भांडण वाटतं यात नवल काय? दोन दिवसांनी हाच धागा वर्गात वाचून दाखवा, 'असं करू नये' म्हणून.

(दिवे घ्या.)

---

आजोळ | ३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

वाचतेय. माझी लेक नववीतच आहे, तिला विचारलं. म्हणाली, 'आम्हाला आधी सांगा की मार्क आहेत का नाहीत.'

---

निवृत्त_मास्तर | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

बाई, उपक्रम चांगला आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीतून आलेलं सांगतो, पटलं तर घ्या.

'समता म्हणजे काय' हा प्रश्न टाकूच नका. त्याचं उत्तर मुलांकडे तयार असतं आणि ते संपलं की चर्चाही संपते. त्याऐवजी कलम १५ फळ्यावर लिहा. पहिलं पोटकलम: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून राज्याने कुणाही नागरिकाबाबत भेदभाव करायचा नाही. मग तिसरं लिहा: स्त्रिया आणि बालकांसाठी राज्य विशेष तरतूद करू शकेल. मागे होऊन उभे राहा, काही बोलू नका. वर्गातला एखादा तरी हात वर करतोच, 'सर, हे उलटसुलट नाही का?' तिथून खरी चर्चा सुरू होते, कारण शंका मुलाची असते.

मग चौथं पोटकलम लिहा आणि सांगा की हे मूळ संविधानात नव्हतं. मद्रास राज्यात कॉलेज प्रवेशाच्या जागा जातीनिहाय वाटून दिल्या होत्या. चंपकम दोराईराजन खटल्यात न्यायालयाने ते रद्द केलं, म्हणून १९५१ साली पहिलीच घटनादुरुस्ती करून मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीचं हे पोटकलम घातलं. ज्यांनी संविधान लिहिलं त्यांनाच वर्षभरात हा पेच पडला होता, हे कळलं की मुलांची भीड चेपते. मोठ्यांनाही उत्तर सहज मिळालं नव्हतं म्हटल्यावर आपलं चुकलं तरी चालेल असं त्यांना वाटतं.

---

वकीलीणबाई | ४ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

मास्तरांना अनुमोदन. माझी भर: कलमांवरून लगेच घरात उतरा.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राची दुरुस्ती २००५ ची, तिच्यात लग्नाची अट नाही. २००५ च्या आधी वडील वारलेले असले तर काय, यावर बराच घोळ होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात मिटवला. म्हणजे कायदा हळूहळू का होईना पुढे आला. आणि माझ्या ऑफिसात दर महिन्याला काय येतं? हक्कसोडपत्र. बहिणी येतात, चहा घेतात, सही करतात. 'माहेर तुटायला नको' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरची बोलायच्या आधीच ऐकू येतं.

मुलांना एक गृहपाठ द्या: घरच्या सात-बाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघून या. आत्यांची आहेत का? नसतील तर कशी गेली, ते आजीला विचारा.

---

गोट्या_सोमण | ४ नोव्हेंबर, सकाळी ११.१२

वकीलीणबाई, तुम्ही चर्चा घडवताय का दावे? २७ तारखेला खडूफळा बाईंच्या दारात आत्या उभ्या राहतील.

---

पाझर_तलाव | ४ नोव्हेंबर, दुपारी १.३०

हा गृहपाठ देऊ नका, बाई.

वकीलीणबाईंचा हेतू चांगला आहे, पण ज्याच्या घरी सात-बाराच नाही त्या मुलाने काय लिहून आणायचं? वर्गात ऊसतोडीच्या घरातली मुलं आहेत असं बाईंनीच लिहिलंय. समतेच्या तासाला पहिल्याच प्रश्नात वर्गाचे जमीनवाले आणि बिनजमिनीचे असे दोन भाग पडतील.

---

वकीलीणबाई | ४ नोव्हेंबर, दुपारी २.१०

मुद्दा रास्त. घरचा सात-बारा नको. मग कायद्याची तीन वर्षं फळ्यावर आणि प्रश्न असा: हक्क मिळूनही बायका सह्या का करतात?

---

ऊस_आणि_बरंच_काही | ४ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

आमच्याकडे सोपा प्रश्न आहे. खुरपणीला बाईची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती आणि गड्याची किती? गावात कुणालाही विचारा, लगेच सांगतात. यात कुणाचं घर उघडं पडत नाही, गावाचा दर आहे तो. स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. माझ्या बांधावर तो अजून आलेला नाही.

पोरं लगेच म्हणतील 'गडी जड काम करतो'. मग विचारा, ऊन्हात दिवसभर वाकून खुरपायचं काम हलकं का? आणि हलकं कुणी ठरवलं? तुमच्या चाळीस मिनिटांच्या दोन तासिका यातच जातील.

---

आजोळ | ४ नोव्हेंबर, दुपारी ४.०२

जड कामावरून आठवलं. मुलीच्या शाळेत कार्यक्रम असला की बाकं उचलायला मुलगे, झाडून रांगोळी काढायला मुली. कुणी ठरवून देत नाही, आपोआप होतं. एकदा शिपायाने मुलींना बाकं उचलायला सांगितली तर पालकांच्या ग्रुपवर गहजब झाला. मुलग्यांनी रांगोळी काढली असती तर व्हिडिओ व्हायरल झाला असता, 'किती गोड'.

---

आयोवाकर | ४ नोव्हेंबर, संध्या. ७.३०

मी राहतो त्या राज्यातली, अमेरिकेतल्या आयोवातली गोष्ट. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. दुसऱ्या दिवशी राइसव्हिल नावाच्या खेड्यात जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले. निळ्या डोळ्यांचे कमी, तपकिरी डोळ्यांचे श्रेष्ठ, नंतर उलट. कमी ठरवलेल्या मुलांच्या गळ्यात पट्टी. एका दिवसात मुलं एकमेकांना हिणवायला लागली, आणि कमी ठरवलेली मुलं अभ्यासातही मागे पडली. त्या वर्गातली सगळी मुलं गोरी होती, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे असं काही करता येईल. चिठ्ठ्या काढून अर्धा वर्ग एक दिवस मागे बसवायचा, डबा वेगळा खायला लावायचा. भाषणाने जे पोचत नाही ते अनुभवाने पोचतं.

---

पाझर_तलाव | ४ नोव्हेंबर, रात्री ९.५५

आयोवाकर, तुम्हीच लिहिलंत की तिथे सगळी मुलं गोरी होती. ज्यांना ते कधीच भोगावं लागणार नव्हतं त्यांच्यासाठी तो प्रयोग होता. (त्यावर तिकडेही टीका झाली, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना फसवून रडवणं बरोबर का म्हणून.) खडूफळा बाईंच्या वर्गात निम्म्या घरांमध्ये वेगळं बसवल्याची, वेगळ्या कपाची आठवण जिवंत असेल. आजोबांची असेल, काहींची स्वतःचीही असेल. त्या मुलाला तुम्ही नाटकात पुन्हा मागे बसवणार आणि मग 'कसं वाटलं?' विचारणार?

आता माझं सांगतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की आमचे वर्गशिक्षक मोठ्याने म्हणायचे, 'एससीवाले उभे राहा.' वाईट माणूस नव्हता, काम उरकायचं असायचं त्याला. आम्ही पाच-सहा जण उभे राहायचो आणि बाकीचा वर्ग मान वळवून बघायचा. पैसे आमच्या कामाचे होते, ते घेतलेही. पण सातवीत माझ्या शेजारी बसणारा मित्र त्या दिवसापासून मला काहीतरी वेगळ्याच सावधपणाने वागवायला लागला. तो सावधपणा मला शिवीपेक्षा जास्त लागला.

आणखी एक. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, संविधान दिनाला फळ्यावर बाबासाहेबांचं नाव लिहिलं की अर्धा वर्ग आमच्याकडे बघायचा. जणू ते आमचे काका. संविधान त्यांच्यासाठीही लिहिलंय हे त्या मुलांना कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा बाई, तुमच्या तयारीत पहिला नियम हा ठेवा: कुठल्याही मुलाला 'तू तुझा अनुभव सांग' म्हणायचं नाही. स्वतःहून सांगितला तर ऐकायचा, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हळहळायचं नाही. 'थँक्यू, पुढे कोण?' एवढंच.

---

आजोळ | ४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

फॉर्म वाटण्याचा प्रकार अजूनही चालतो. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर यादीच टाकतात, प्रवर्गासकट.

---

मेरिट_म्हणजे_मेरिट | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

सगळ्यांचं वाचलं. पण मागच्या बाकावरच्या त्या मुलाला तुम्ही सगळे खलनायक करताय. त्याचा प्रश्न चुकीचा कसा? माझ्या मुलाला ९४ टक्के मिळून हवं ते कॉलेज मिळालं नाही, त्याच्या मित्राला ८१ ला मिळालं. मित्राचे वडील अधिकारी आहेत. सोळा वर्षांच्या पोराला मी कुठली समता समजावू?

---

कागदी_होडी | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

त्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून ६० टक्केवाला किती पैसे भरून आला तेही मुलाला समजावा. त्यावर धागे निघत नाहीत कधी.

---

मेरिट_म्हणजे_मेरिट | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.४४

तेही चूकच आहे. मी समर्थन केलं का?

---

गोट्या_सोमण | ५ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

मी म्हटलं होतं दोन दिवस. दीडच लागला.

---

खडूफळा | ५ नोव्हेंबर, संध्या. ६.३०

मेरिट साहेब, तुम्हाला कुणी खलनायक केलेलं नाही, मी तर नाहीच. तो मुलगा उद्या अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत असणार, त्याने हा प्रश्न वर्गात नाही तर कुठे विचारायचा? माझी अडचण वेगळी आहे. तो प्रश्न आला की बाकीचे सगळे प्रश्न मरतात. आणि तो ज्या आवाजात विचारला जातो त्याने वर्गातली काही मुलं वहीत डोकं घालतात. दाबायचा नाही, पण त्याने तास गिळायलाही नको. कसं जमवू?

पाझर तलाव, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. तो नियम पक्का.

---

निवृत्त_मास्तर | ६ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

येणारच आहे तर त्याची तयारी आधीच करून घ्या. त्या आठवड्यात चार ओळींचा तक्ता वर्गात लावा. १९०२: शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९५१: पहिली घटनादुरुस्ती. १९९२: इंद्रा साहनी खटला, ओबीसींचं २७ टक्के मान्य, पण क्रीमी लेयर (त्यांच्यातला सुस्थितीतला थर) वगळून आणि एकूण मर्यादा ५० टक्के. २०१९: आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के, १०३ वी घटनादुरुस्ती. यापलीकडे काही नको, नाहीतर एमपीएससीचा क्लास होईल.

आणि बोलण्याची अट घाला: समोरच्याचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगून दाखवायचं, मग आपलं. 'तू म्हणतोस ते असं आहे ना?' समोरचा 'हो' म्हणाला तरच पुढे. निम्मा आरडाओरडा इथेच विरतो, कारण ऐकल्याशिवाय हे जमत नाही. माझ्या वर्गात एका मुलाला तीनदा 'नाही, मी असं नाही म्हणालो' ऐकावं लागलं होतं. चौथ्यांदा बरोबर सांगितल्यावर तो म्हणाला, 'सर, आता माझा मुद्दाच विसरला.'

मेरिट साहेबांच्या प्रश्नातला अधिकारी वडिलांचा भाग याच तक्त्यात बसतो, बरं का. क्रीमी लेयर ओबीसींना आहे, अनुसूचित जातींना का नाही, असावा का, यावर न्यायालयातही मतं पडलेली आहेत. मुलांना तो मुद्दा काढू द्या.

---

मेरिट_म्हणजे_मेरिट | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

मास्तर, ही अट इथेही लावली असती तर बरं झालं असतं. माझं मत बदललेलं नाही, पण तुमची पद्धत पटली.

---

चवदार_पाणी | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

महाडचा आहे, त्यामुळे राहवत नाही.

२० मार्च १९२७ चा सत्याग्रह मुलांना तारखेसकट पाठ असतो. त्याच्या आधीचं सांगितलं जात नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं तीन वर्षं खुलं होतं आणि पाण्याला हात लावायची सोय नव्हती. लोक प्यायले तेव्हा त्यांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

या चार सालांवर एकच प्रश्न विचारा: ठराव झाला होता, मग जावं का लागलं? वकीलीणबाईंचं हक्कसोडपत्र आणि ऊसवाल्यांची बाईची हजेरी याच प्रश्नात येतात. कागद आहे, पाणी नाही.

मग कुणाला अनुभव विचारायला नको आणि कुणाचा सात-बारा बघायला नको.

---

पाझर_तलाव | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

हे आवडलं. यात वर्गाने आमच्याकडे बघायचं कारणच उरत नाही. ठराव करून गप्प बसलेल्या नगरपालिकेकडे बघावं लागतं.

वाचायला काही हवं असेल तर मुक्ता साळवेचा निबंध द्या. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी, १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आलेला. यांच्याच वयाच्या आसपासची होती आणि थेट देवालाच प्रश्न विचारते. हातवारे बसवलेले नाहीत तिचे.

---

लेगब्रेक | ६ नोव्हेंबर, दुपारी ३.००

एवढ्या जड विषयात उडी घ्यायच्या आधी पोरांना गरम करा हो. बीसीसीआयने ऑक्टोबर २०२२ मध्ये बायका आणि पुरुषांची मॅच फी सारखी केली: कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. पण वार्षिक कराराची तफावत तशीच राहिली. तेव्हा पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची, बायकांची ५० लाखांची. बायकांच्या मॅचेसही कमी. मग झाली का समता? सांगलीचीच स्मृती मानधना वर्ल्ड क्लास ओपनर आहे, मुली नक्की बोलतील.

---

गोट्या_सोमण | ६ नोव्हेंबर, दुपारी ३.०४

म्हणजे विषय 'मानधनाचं मानधन'.

---

लेगब्रेक | ६ नोव्हेंबर, दुपारी ३.०६

गोट्या, हे चांगलं होतं. पहिल्यांदाच.

---

कागदी_होडी | ६ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

क्रिकेट दहा मिनिटं, फार तर. तिकडेच रमले तर कोट्यधीशांची समता ठरवून घरी जातील.

मुली बोलत नाहीत यावर आमच्या शाळेतला उपाय: प्रत्येकाला दोन चिंचोके. बोललं की एक चिंचोका मधल्या डब्यात. दोन्ही संपले की फक्त ऐकायचं. पहिल्या पाच मिनिटांत मोठ्या तोंडाच्या पोरांचे चिंचोके संपतात आणि मग वर्गात जी शांतता पडते ती तुम्ही मोडायची नाही. अवघड असतं. आपल्याला वाटतं दोन मिनिटं गेली, घड्याळात वीस सेकंद झालेली असतात. नंतर ज्यांच्या मुठीत चिंचोके असतात ती बोलायला लागतात. त्याआधी प्रश्न चिठ्ठीवर लिहून, चार-चारच्या गटात एकदा बोलून झालेला हवा. कोऱ्या डोक्याने पन्नास जणांसमोर कुठलीच मुलगी उभी राहणार नाही, मीही राहणार नाही.

आणि बाई, मूल बोलल्यावर 'म्हणजे तिला असं म्हणायचंय की...' करू नका. आपली शिक्षकांची जुनी खोड आहे ती.

---

ऊस_आणि_बरंच_काही | ६ नोव्हेंबर, संध्या. ५.२०

माझ्या मंडळींनी धागा वाचला. विचारतायत, आमच्या बांधावर बाईची हजेरी कमी का? उद्यापासून वाढवतोय, धाग्याला दोष देऊन.

---

खडूफळा | ८ नोव्हेंबर, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. आराखडा मांडते, काही राहिलं तर सांगा.

पहिल्या आठवड्यात कलम १५ ची पोटकलमं फळ्यावर, मी गप्प. मुलांच्या शंका त्यांच्याच शब्दांत भिंतीवर. दुसऱ्या आठवड्यात महाडची चार सालं आणि मुक्ता साळवेचा निबंध, चौघांच्या गटात. गावातल्या हजेरीची चौकशी, घराची नाही. मास्तरांचा तक्ता दाराजवळ. चर्चेच्या दिवशी आधी थोडं क्रिकेट, मग एकच प्रश्न: कागदावर असूनही आपल्या गावात काय अजून आलेलं नाही? चिंचोके. समोरच्याचं म्हणणं सांगण्याची अट. आरक्षणाचा प्रश्न आला तर तक्त्यापाशी उभं राहून बोलायचं, म्हणजे आकडे तरी खरे राहतील. आयोवाचा प्रयोग नाही.

ऊसतोडीच्या मुलांचं काय करावं ते अजून सुचलेलं नाही. २६ पर्यंत टोळी इथे असेल का फड बदलेल, त्यांनाही माहीत नाही.

---

ऊस_आणि_बरंच_काही | ८ नोव्हेंबर, रात्री ९.३५

मुकादमाला विचारा, त्याला पुढच्या फडाचा अंदाज असतो. जाणार असतील तर त्यांच्या गटाचं आधी घ्या. चिठ्ठ्या तरी भिंतीवर राहतील.

---

निवृत्त_मास्तर | ९ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

उत्तम. एकच सूचना. त्या दोन तासिकांत वर्गात पाहुणे, संस्थाचालक आणि मोबाइलवाला फोटोग्राफर नको. मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा. कॅमेरा दिसला की मुलं पुन्हा 'सन्माननीय व्यासपीठ' सुरू करतात.

---

खडूफळा | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.०२

सर, फोटो तर अहवालाला जोडावाच लागतो. तास सुरू व्हायच्या आधी चिंचोके वाटतानाचा काढून घेईन आणि फोन कपाटात ठेवेन.

---

आजोळ | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

लेकीने विचारलंय, चिंचोके उरले तर मैत्रिणीला देता येतात का?

---

कागदी_होडी | ९ नोव्हेंबर, सकाळी ८.००

आमच्याकडे पहिल्याच वर्षी हा प्रश्न आला होता. मुलांनी मतदान घेऊन 'नाही' ठरवलं. एकाने तरी पाच रुपयांना विकला.